विषारी धातूंना सिमेंटची कोंडी

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींनी कोल्हापूरला ओतकामात आणि यंत्रभागांत नाव मिळवून दिले. यंत्रभाग गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्त, निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा देतात. भाग धुतलेल्या पाण्यात हे धातू उतरतात आणि पाणी शुद्ध केले की गाळात येतात. पालापाचोळा कुजतो, कागद जळतो. धातू कुजत नाही आणि जाळूनही नाहीसा होत नाही. पंचगंगेच्या काठी विहिरी आहेत, ऊस आहे. मग या गाळाचे करायचे काय?

उत्तर मिळाले बांधकामाच्या सामानात. जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यासमोर भिंती होत्या, कचरा नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी कचरा सिमेंटमध्ये कोंडू लागले आणि पुढे हीच युक्ती धातूंच्या गाळाला लावली गेली. भारतात घातक कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम १९८९ मध्ये आले.

ओले सिमेंट तीव्र आम्लारिधर्मी असते. त्यात बरेच धातू न विरघळणारी हायड्रॉक्साइडे बनतात, आणि सिमेंट घट्ट झाले की पाण्याला आत फारशी वाट उरत नाही. मात्र सामू फार वाढला तर जस्त आणि शिसे पुन्हा विरघळू लागतात. सहा संयुजेचा क्रोमियम तर कर्करोगकारक, आणि क्रोमेटच्या रूपात तो आम्लारीतही विरघळलेलाच राहतो. म्हणून आधी हिराकस घालून त्याची संयुजा तीनवर आणतात, मग चुना आणि शेवटी सिमेंट.

येथे एका खास सिमेंटचा उपयोग होतो. जर्मनीतील एट्रिंगेन गावाजवळ सापडलेल्या एट्रिंगाइट या खनिजाचे वर्णन १८७४ मध्ये झाले. त्याच्या स्फटिकात सल्फेटची जागा क्रोमेट घेऊ शकते. चीनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेल्या कॅल्शियम सल्फोअॅल्युमिनेट सिमेंटमध्ये हेच खनिज भरपूर तयार होते.

तरी कोंडणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि आम्लयुक्त पाणी हळूहळू एट्रिंगाइट मोडतात. म्हणूनच ठोकळ्यातून किती धातू पाझरतो हे तपासतात आणि तो अस्तर घातलेल्या खड्ड्यातच पुरतात. महाराष्ट्रात तळोजा व रांजणगाव येथे अशा सोयी आहेत. पण टाकीतून काढलेला भाग नीट निथळू दिला, तर मुळात गाळच कमी होतो. वर्गात सिमेंटचे गुण शिकवताना आपण या साध्या उपायालाही तेवढेच महत्त्व द्यावे, असे आम्हाला वाटते.