बेपत्ता माणसाचा इतिहास

खापरला मी इतिहास शिकवतो. गुजरातच्या सीमेजवळचे हे गाव. १९७१ साली ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. १९४२ च्या शिरीषकुमारचे नाव इथल्या पोरांना पाठ असते. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, बेपत्ता म्हणजे शहीद का?"

प्रश्न फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्यावरून निघाला होता. वायुदलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनचा हा मराठी वैमानिक. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करायला सुखोई-७ घेऊन गेला, तो परतला नाही. त्याच सुमारास एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे आली. त्यांत एक 'टॉम्बे' होता.

पत्नी दमयंती बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, १९७० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. तिने पुन्हा लग्न केले नाही. सिमला करारानंतर भारताने सुमारे ९३,००० युद्धकैदी परत पाठवले. आपले ५४ मात्र बेपत्ताच राहिले. १९७९ साली सरकारने लोकसभेत चाळीस जणांची यादी ठेवली. १९८३ साली काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत गेले, २००७ साली चौदा जण गेले. हाती काही लागले नाही. आपल्याकडे असे कैदी नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले.

एका अक्षराच्या फरकाने माणूस कागदातून निसटतो, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. रोजगार हमीच्या मस्टरवर माझ्या वडिलांचे नाव चुकीचे पडले आणि आठवड्याची मजुरी बुडाली. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्याच हाती दुसऱ्याचे असणे-नसणे, ही आपल्या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

सैन्याशी आपले नाते तर रक्ताचे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. १८९० नंतरच्या काळात महारांची भरती बंद झाली, तेव्हा बंदुकीबरोबर फौजेतल्या शाळेची वाटही बंद झाली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. १९७१ च्या युद्धात १० महारच्या अनुसूया प्रसाद या शिपायाला मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

त्या ५४ जणांत वैमानिक आहेत, तसे पायदळाचे जवानही आहेत. वैमानिकाची पत्नी शिकलेली, नावाजलेली; ती मंत्र्यांपर्यंत पोहोचू शकली. तिलाही उत्तर मिळाले नाही. मग जिला अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो, त्या शिपायाच्या बायकोचे काय झाले असेल? हा प्रश्न दमयंतीबाईंच्या दुःखाविरुद्ध नाही. उलट त्यांनी दार ठोठावत ठेवले म्हणून ही यादी विस्मरणात गेली नाही.

त्या मुलाला मी सांगितले: शहीद म्हणून सरकारला मोकळे होता येते. बेपत्ता म्हटले की हिशेब बाकी राहतो. तो बाकी ठेवणे हे इतिहास शिकणाऱ्याचे काम आहे. घरी जा, गावातल्या फौजी घरांत बसा, म्हाताऱ्यांना विचारा. नाव, पलटण, वर्ष लिहून आणा. आणि स्पेलिंग दोनदा तपासा.