फुलापासून चार हात

माणसाने रानात प्रथम कुऱ्हाड नेली, मग बंदूक नेली आणि सर्वांत शेवटी कॅमेरा नेला. पहिल्या दोन वस्तूंनी रानाचे काय केले हे सांगायला इतिहासकार नको. तिसऱ्या वस्तूचा इतिहास मात्र आपण बहुधा काचांच्या आणि किमतींच्या हिशेबाने सांगतो. अमुक साली अमुक कॅमेरा निघाला, तो इतक्या रुपयांना मिळे, वगैरे. आम्हां शाळामास्तरांना मोजपट्टीची सवय. म्हणून आज हा इतिहास फूटपट्टी घेऊन सांगावा म्हणतो. चित्र काढणारा माणूस आणि रानातला जीव यांच्यामध्ये किती हात अंतर होते, एवढेच प्रत्येक वेळी पाहू. साताऱ्याच्या कासपठारावर आज जो प्रश्न उभा आहे, तो या एका मापाने चटकन उलगडतो.

छायाचित्राची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले हौशी छायाचित्रकार. त्या वेळची रीत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर चढवायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुऊन काढायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे छायाचित्रकार निघाला की त्याच्यामागे अंधाराचा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे हंडे आणि काचांच्या पेट्या निघत. एवढे करून कॅमेऱ्यापुढची वस्तू काही सेकंद निश्चल राहिली पाहिजे. ही अट सह्याद्रीत कोण पुरी करणार? किल्ले, देवळे, डोंगर! वाऱ्यावर डोलणारे फूल, पाण्यावरचा बगळा, झाडीतले सांबर ही सगळी मंडळी त्या काचेला पारखी राहिली. अंतर कितीही कमी करा; जे हलते ते उमटत नव्हते.

पुढे १८७१ मध्ये कोरड्या काचेची युक्ती निघाली. काच घरून तयार करून न्यावी, परत येऊन सावकाश धुवावी. मग तंबू सुटला आणि माणूस रानात शिरू लागला. १८८२ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडते पक्षी टिपण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. त्याला दस्ता होता, घोडा होता, आणि नेम धरून घोडा दाबला की एका सेकंदात बारा चित्रे निघत. पक्षी मात्र उडतच राही! इंग्लंडातल्या कीर्टन बंधूंची तऱ्हा याहून मौजेची. रिचर्ड आणि चेरी या दोघांनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे एका बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करवून घेतला. त्याच्या पोटात बसायचे, कॅमेऱ्याचे तोंड कातड्याच्या भोकातून बाहेर काढायचे आणि पाखरे जवळ येण्याची वाट पाहायची. आपल्या बैलपोळ्याला शोभेल असे हे सोंग. पण त्यामागचे दुःख खरे होते. त्यांच्या भिंगाला दूरचे दिसत नव्हते. जवळ जायचे तर माणूसपण लपवावे लागे.

वाघाच्या बाबतीत बैलाचे सोंग उपयोगाचे नाही, हे सांगायला नको. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी दुसरी वाट काढली. वाघाच्या नेहमीच्या पायवाटेवर बारीक तार ताणून ठेवायची, ती कॅमेऱ्याला आणि चमकणाऱ्या दिव्याला जोडायची आणि आपण घरी जाऊन झोपायचे. रात्री वाघ आला, तारेला पाय लागला, की तो आपले चित्र आपणच काढी. १९२७ साली चॅम्पियन यांचे पुस्तक निघाले आणि शिकारीच्या ऐन बहराच्या काळात, वाघ मारल्याशिवायही घरी आणता येतो, हे लोकांना कळले. जिम कॉर्बेटसारखा पट्टीचा नेमबाजही उत्तरायुष्यात कॅमेऱ्याकडे वळला. येथे पहिल्यांदाच माणूस आणि जीव यांच्यामधले अंतर कोसाकोसांचे झाले, आणि चित्र मात्र हातभरावरून घेतल्यासारखे आले.

या सगळ्यात आपल्या मराठी माणसाने काय केले, असे कुणी विचारील. दादासाहेब फाळके यांचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटामुळे घरोघर ठाऊक आहे. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर, त्यांनी भांडवलदारांना चलच्चित्राची करामत दाखवण्यासाठी काय चित्रित केले? कुंडीतला वाटाणा. कुंडीपुढे कॅमेरा पक्का रोवून रोज थोडे थोडे टिपण, असे महिन्याहून अधिक काळ. पडद्यावर पाहणाऱ्याला कोंब मातीतून डोके काढताना, वाढताना, वेल होताना मिनिटाभरात दिसे. मराठी मातीतले निसर्गचित्रण ज्या थोड्या कृतींपासून सुरू झाले त्यांत ही एक मानायला हवी. तीत ना अरण्य, ना वाघ. कुंडी एका जागी, कॅमेरा एका जागी आणि माणूस रोज त्याच वेळी हजर. अंतर त्यांनी बदलले नाही, दिवस मोजले.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा हळूहळू मध्यमवर्गाच्या कपाटात आला. १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. अ‍ॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ कित्येक घरांतला पहिला कॅमेरा ठरला. एका फिल्मवर बारा चित्रे. त्यातली चार आजोबांची, तीन बारशाची, दोन सहलीच्या घोळक्याची. उरलेल्या तिहींत महाबळेश्वरचा सूर्यास्त आणि एखादा मोर. मोर चित्रात मुंगीएवढा येई आणि फूल जवळ धरले तर धूसर होई. ती पेटी माणसांसाठी केलेली होती. चार हातांच्या पलीकडचे आणि वीस हातांच्या अलीकडचे जग तिचे.

एक भिंग काढून दुसरे बसवता येईल अशा कॅमेऱ्यांनी हे कुंपण मोडले. आता लांब पल्ल्याचे भिंग हौशी माणसाच्याही आवाक्यात आले आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्याला काम पुष्कळ. सातारा जिल्ह्यातल्या मायणीच्या तलावावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, कधी रोहित येतात. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर हे तर माणसांनी उभे केलेले रान. धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने उघड्या डोंगरांवर झाडे उभी राहिली, हरणे सोडली गेली आणि १९८५ मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. अशा ठिकाणी ४०० मिलिमीटरचे भिंग असावे. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाची गती ठेवावी, सूर्य पाठीशी असावा आणि नजर जनावराच्या डोळ्यावर स्थिर करावी; डोळा स्पष्ट आला की चित्र जिवंत होते. घरट्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. कीर्टन बंधूंनी सुरुवात तेथूनच केली होती, हे खरे. पण माणूस घरट्याशी घुटमळला की आईबाप उडून जातात आणि कावळ्याला पत्ता कळतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

चॅम्पियन यांची तारही पुढे आपल्या सह्याद्रीत अवतरली. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला आहे. प्रकल्प झाला खरा, पण वाघ आहे कोठे, असे लोक विचारीत. विष्ठा आणि पंजांचे ठसे यांवर विश्वास ठेवायला कोण तयार होतो? रानवाटांवर आपोआप चित्र घेणारे कॅमेरे बांधून ठेवलेले होते. अंगाची ऊब समोरून सरकली की ते जागे होतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना ते समोरासमोर बांधण्याची रीत आहे, कारण वाघाच्या उजव्या आणि डाव्या अंगावरचे पट्टे निराळे असतात आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. अशा कॅमेऱ्यात मे २०१८ मध्ये वाघ उमटला, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उमटला. वाद मिटला. माणूस तेथे नव्हता म्हणूनच ते चित्र मिळाले.

आता कासला जाऊ. साताऱ्यापासून जेमतेम २५ किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर जांभ्या दगडाचे हे पठार आहे. दगडावर मातीचा थर इतका पातळ की झाडाने मूळ धरावे कोठे? म्हणून येथे पावसाळ्याच्या अखेरीस चिमुकल्या वनस्पतींचे राज्य असते. तेरड्याचे गुलाबी गालिचे, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, आणि ‘सीतेची आसवं’ हे मोठे हृद्य नाव मिळालेली निळी-जांभळी फुले. मातीत पोषण कमी, म्हणून ही आसवं मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव धरून खातात. गवती दवबिंदू तर पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकवते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. वायतुऱ्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी साताऱ्याचेच नाव दिले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशात गेली; त्यांत महाराष्ट्रातली चार, आणि त्या चारांत कास, कोयना व चांदोली ही तीन आपल्याच टापूतली.

आणि येथेच आपल्या मोजपट्टीने उलटी उडी घेतली. शंभर-सव्वाशे वर्षे खपून माणसाने कॅमेरा जीवापासून दूर नेला होता. मग मोबाइल आला. त्याचे नेहमीचे भिंग रुंद नजरेचे. फूल मोठे दिसायला हवे तर ते फुलाच्या नाकाशी न्यावे लागते. सीतेचे आसू करंगळीच्या नखाएवढे. त्याच्यासाठी माणूस कुंपण ओलांडतो, उकिडवा बसतो, कोपर टेकतो, जमल्यास आडवा होतो. त्याच्या चित्रात एक फूल येते. त्याच्या गुडघ्याखाली किती गेली ते चित्रात दिसत नाही. ओली माती पायाने एकदा घट्ट दाबली गेली की पुढल्या वर्षीच्या बियांनाही तेथे जागा मिळत नाही. बंदुकीने निदान रक्त तरी दिसत असे. वनखाते आणि आसपासच्या गावांच्या समित्या पहारा ठेवतात, हात जोडून सांगतात. पण हजारो पायांमागे पहारेकरी किती ठेवणार?

उपाय हातात आहे आणि तो फार खर्चाचा नाही. मोबाइल असेल तर दुप्पट-तिप्पट जवळ आणणारे भिंग निवडून पाय मागे घ्यावा. कॅमेरा असेल तर ७० ते ३०० मिलिमीटरचे साधे भिंग दीड मीटरवरून, म्हणजे सुमारे तीन हातांवरून, वीतभराहून लहान जागा चौकट भरून दाखवते. सूक्ष्म चित्रणाचे १०० मिलिमीटरचे भिंग वाटेच्या कडेच्याच फुलांसाठी ठेवावे. कडेची फुले आतल्या फुलांहून काही कमी सुंदर नसतात. तेवढे भिंग परवडत नसेल तर भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी स्वस्तात काम भागवते. ऊन रणरणीत नको. ढगाळ प्रकाशात पाकळीचा रंग खरा येतो. वारा थांबण्याची वाट पाहावी, कासवर तो क्षणभर थांबतो. पावसाला छत्री, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि कोरडे फडके बरोबर असावे. आणि मुलांना सांगावे की आजचा कॅमेरा ‘क्लिक थ्री’च आहे असे समजा, बाराच चित्रे घ्या. बाराच घ्यायची म्हटली की मूल आधी पाहते, मग बटण दाबते.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी डोंगराकडे वळतील. तोवर कासचा बहर ओसरत आलेला असतो. पण सागरेश्वरची हरणे असतात, मायणीकडे पाखरे येऊ लागलेली असतात. ज्यांना कोठेच जायचे नाही त्यांनी तुळशीवृंदावनाशेजारी एका कुंडीत चार वाटाणे पेरावेत. कॅमेरा किंवा मोबाइल एका जागी नीट टेकवावा, जमिनीवर खडूने खूण करावी आणि रोज सकाळी दिवा विझायच्या आत एक चित्र घ्यावे. महिन्याने ती सगळी एकापाठोपाठ पाहताना घरातले सगळे गोळा होतील. १९१२ साली वाटाण्याचा तो वेल पाहून पैसेवाल्यांनी फाळक्यांपुढे थैली सैल केली होती. घरातल्या पोरांनी फराळाचे ताट बाजूला ठेवले तरी पुष्कळ झाले.