नाटकाला जाणारी माणसे

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगायचा म्हटले, की भावे, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी ही नावे ओळीने येतात. त्यांच्या मागोमाग भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले आणि बालगंधर्व येतात. ती यायलाच हवीत. पण या साऱ्या नाटक मंडळींना पोसले कोणी? पडदे रंगवायला, भरजरी शालू घ्यायला, बिऱ्हाडातल्या पंक्ती उठवायला पैसा आला कुठून? तो आला तिकीट काढून नाटकाला जाणाऱ्या माणसाच्या खिशातून. या माणसाचे नाव कुठल्या हस्तपत्रिकेवर छापलेले नसते. म्हणून आज त्याच्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आरंभी मात्र हा माणूस नव्हता. १८४२ साली कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला आली. तिचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले, की असे खेळ आपल्या भाषेत व्हावेत. त्यांनी हे काम आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपवले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले. हा दिवस आपण रंगभूमिदिन म्हणून पाळतो. आता त्या नाटकाला तिकीट कसले? खर्च राजाचा, हौसही राजाचीच. समोर बसलेला प्रेक्षक राजाने बोलावलेला पाहुणा. पाहुण्याला ताट आवडो वा न आवडो, तो यजमानाच्या तोंडावर काही बोलत नाही. नाटक चांगले की वाईट, हे ठरवणारा माणूस एकच आणि तो मसनदीवर बसलेला.

१८५१ साली आप्पासाहेब वारले आणि हा आश्रय सुटला. विष्णुदासांना आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. गावोगाव फिरत ते मुंबईला पोचले आणि १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. रोख पैसे मोजून कोणीही यावे आणि नाटक पाहावे, ही चाल आता पडली. एका राजाच्या जागी शेकडो लहान राजे आले म्हणा ना! पहिल्या राजाची मर्जी सांभाळली की वर्षभराची बेगमी होत असे. या नव्या राजांची मर्जी रोज रात्री नव्याने सांभाळायची होती.

त्या काळचे नाटक तरी कसे? सूत्रधाराने पदे म्हणायची, पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, विदूषकाने हसवायचे आणि राक्षसाने ‘अललडुर्र’ करीत रंगमंच दणाणून सोडायचा. लोकांनी हे पुष्कळ वर्षे आवडीने पाहिले. पण पैसे देणारा माणूस हळूहळू चोखंदळ होतो. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले. त्यात पात्रेच आपापली पदे गात होती, भाषा नेटकी होती आणि बोलणे बांधून दिलेले होते. लोकांनी ते उचलून धरले. १८८२ साली ‘सौभद्र’ आले आणि संगीत नाटक घरोघर गेले.

मंडळी गावात आली म्हणजे काय होत असे? आधी सामानाच्या गाड्या येत. पेटारे उतरत, बिऱ्हाड लागे. मग भिंतींवर जाहिराती चिकटत आणि वाजतगाजत हस्तपत्रिका वाटल्या जात. नाटकगृह असले तर उत्तम. नसले तर मोकळ्या मैदानात बांबू, पत्रे आणि तरटे यांचा मांडव उभा राही. पुढे खुर्च्या, मागे बाके, त्यामागे जमिनीवरची बैठक आणि बायकांची जागा निराळी. आसपासच्या खेड्यांतून माणसे बैलगाडी जुंपून, दशम्या बांधून येत. खेळ रात्री उशिरा सुरू होई. आत धुपाचा वास, पडद्यामागे वाद्ये लावल्याचे सूर, एकेक करून घंटा होत. तिसऱ्या घंटेला आवाज शांत होई, पडदा वर जाई आणि नांदी सुरू होई. खेळ संपून माणसे बाहेर पडत तेव्हा पुष्कळदा कोंबडे आरवण्याची वेळ झालेली असे.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘सौभद्रा’चे कथानक कोणाला माहीत नव्हते? सुभद्रा अखेर अर्जुनाला मिळणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी माणसे तेच नाटक दहा-दहा वेळा पाहायला जात. ती गोष्ट ऐकायला जात नव्हती. ‘आज भाऊराव ते पद कसं म्हणतो बघू’, यासाठी जात होती. मागच्या खेपेची तान त्यांच्या कानांत असे. आजची तिच्याशी ताडून पाहिली जाई. जमले तर शाबासकी आणि चुकले तर तेही लगेच कळे. समोर असा कान देऊन बसलेला माणूस असला, की गाणारालाही नवे काही सुचते. नाटकाचा प्रत्येक प्रयोग निराळा होतो, तो असा.

प्रेक्षकाची समज किती तल्लख असते, याचे मोठे उदाहरण ‘कीचकवध’. खाडिलकरांचे हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारची. रंगमंचावर इंग्रज सरकारचे नावही कोणी काढले नाही. पण समोरच्या माणसाने कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि सैरंध्रीत आपला देश पाहिला. अर्धे नाटक रंगमंचावर होत होते, अर्धे प्रेक्षकांच्या मनात. सरकारलाही ते उमगले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. बंदी पुस्तकावर आणि प्रयोगावर घालता आली, ज्यांनी ते पाहिले होते त्यांच्या मनावर घालता आली नाही.

बायकांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आरंभीच्या काळात घरंदाज बाईने नाटकाला जाणे चांगले समजले जात नसे. बालगंधर्वांच्या भामिनीने, रुक्मिणीने आणि सिंधूने हे पुष्कळ बदलले. त्यांचे नेसणे, केसांत फूल माळणे, पदर घेण्याची ढब पाहून सुशिक्षित घरांतल्या बायका तसे करू लागल्या. स्त्रीचा वेष घेतलेल्या पुरुषाकडून स्त्रियांनी नेसायला शिकावे, ही जगावेगळी गोष्ट मराठी नाटकगृहात घडली. खुद्द स्त्रियांनीही मंडळी काढून रंगमंचावर उभे राहण्याचा धीर दाखवला. हिराबाई बडोदेकरांची नूतन संगीत नाटक मंडळी १९२९ सालची.

८ जुलै १९२१ ची रात्र तर प्रेक्षकांनीच इतिहासात नेऊन ठेवली आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसल्यांचा, भामिनी बालगंधर्वांची. दोन नामांकित मंडळींचे दोन मालक एकाच पडद्याखाली. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट चढे ठेवले होते, तरी ती हातोहात गेली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. ज्यांनी त्या रात्री पैशाकडे न पाहता तिकीट काढले, त्यांच्या पदरी जे पडले ते दुसऱ्या दिवशी कोणाला विकत मिळण्यासारखे नव्हते.

पण या राजाची सारी राजवट शहाणपणाचीच होती असे नव्हे. ‘वन्समोअर’ हा शब्द त्याने कमावला आणि मग तो उधळला. एकेक पद दोनदा, तीनदा, चारदा! रंगमंचावर विरहाने व्याकूळ झालेली नायिका पुन्हा पहिल्या ओळीवर येई आणि तोवर दुसरे पात्र मुकाट्याने उभे राही. नाटकाची बैठक होऊ लागली. मंडळ्याही ही मागणी पुरवीत गेल्या, कारण मागणारा पैसे देत होता. थाटमाट वाढला, वेळ वाढला, कर्जेही वाढली. अशात १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. कमी पैशांत, दोन-तीन तासांत खेळ आटोपू लागला. प्रेक्षक तिकडे वळला. नाटकगृहांत सिनेमाचे पडदे लागले. १९३५ साली स्वतः बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले. मंडळ्या का बुडाल्या, याची कारणे पुष्कळ सांगतात. समोरचा माणूस उठून गेला, हे त्यांतले सर्वांत साधे आणि सर्वांत मोठे.

मग नाटकाला जाणारा माणूस संपला का? तसे झाले नाही. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि गावोगावचे हौशी संघ पुढे आले. आणि विदर्भाच्या पूर्वेला, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात तर जुनी रीत आजही पाहायला मिळते. ही झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान घरात आले, की वडशाच्या मंडळ्यांकडे गावांची माणसे नाटक ठरवायला येतात. गावच्या मंडईला किंवा शंकरपटाला जोडून मांडव पडतो. माहेरवाशिणी येतात, सोयरेधायरे येतात, येता-जाता लग्नेही जुळतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि खेळ उजाडेपर्यंत चालतो. शेजारी जिवंत वाद्ये, समोर थंडीत चादरी गुंडाळून बसलेली माणसे. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तिच्याकडे बाकीच्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याने ते कधीचेच दिलेले होते.

शेवटी कोल्हापूरची एक गोष्ट. शाहू महाराजांनी १९१५ साली तिथे बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्टचा. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, या नाटकगृहाला आग लागली. आगीची बातमी पसरताच माणसे रस्त्यावर जमली. त्यात नट होते, पडदे ओढणारे होते, आणि जन्मात कधी रंगमंचावर पाऊल न ठेवलेलेही होते. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी होते. आपले घर जळताना माणूस जसा उभा राहतो, तशी ती उभी होती. नाटकगृह पुन्हा बांधायचे ठरले, ते योग्यच झाले. लाकूड, दगड, खुर्च्या सरकारी तिजोरीतून येतील. पण त्या खुर्च्या भरण्याचे काम तिजोरीचे नाही. आप्पासाहेबांनंतर ते ज्याच्याकडे आले, त्याच्याकडेच ते आजही आहे. संध्याकाळी घरात कोणीतरी म्हणायला हवे, ‘चला, आज नाटकाला जाऊ!’