अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस : कोणता व्यायाम करावा, कोणता टाळावा?

कंबर दुखते म्हटले की घरचे सांगतात, "पडून राहा, वाकू नको." वजन उचलून कंबर लचकली असेल, तर एक-दोन दिवसांच्या आरामाने बरे वाटते. पण अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात पडून राहिल्याने दुखणे वाढते.

हा आजार कसा ओळखावा?

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि तिथे सूज येते. दुखणे बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत, पुष्कळदा विशी-तिशीत सुरू होते. वयानुसार मणक्यांची झीज होते, तो स्पॉन्डिलोसिस वेगळा. खालील लक्षणे ३ महिन्यांहून अधिक काळ असतील, तर तपासणी करून घ्या.

- सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडलेली राहते.
- हालचाल केल्यावर मोकळे वाटते, बसून राहिल्यावर दुखते.
- पहाटेच्या सुमारास दुखण्याने जाग येते.

व्यायाम का आवश्यक आहे?

सूज दीर्घकाळ राहिली, तर काही रुग्णांत मणक्यांच्या मध्ये नवे हाड तयार होते आणि मणके एकमेकांना जुळतात. वाकून बसण्याची सवय असेल, तर पाठ वाकलेल्या स्थितीतच ताठ होण्याचा धोका असतो. मग समोर पाहणेही कठीण होते. बरगड्यांचे सांधे आखडले की छाती पूर्ण फुगत नाही. रोजच्या व्यायामाने पाठ सरळ आणि लवचीक राहायला मदत होते.

कोणते व्यायाम करावेत?

- ताणाचे व्यायाम : रोज १५ ते २० मिनिटे. कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर अंग मोकळे होते, तेव्हा करा. मार्जारासन, भुजंगासन, खांदे मागे खेचणे हे झेपेल तितकेच.
- पालथे झोपणे : दिवसातून एकदा ५ मिनिटांपासून सुरुवात करून २० मिनिटांपर्यंत.
- दीर्घ श्वसन : हात बरगड्यांवर ठेवून छाती पूर्ण फुगवा.
- चालणे, पोहणे : हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या.
- स्नायूंची ताकद : पाठ, पोट आणि मांड्यांचे व्यायाम आठवड्यातून २ दिवस.

सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. दिवसभर बसून काम असेल, तर दर अर्ध्या तासाने उठा.

काय टाळावे?

मणके जुळले असतील, तर ते ठिसूळ असतात आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतात. म्हणून कबड्डी, कुस्ती, उंच उड्या टाळा. शीर्षासन, हलासन आणि झटके देऊन पुढे वाकणे नको. केस कापल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय अनेकांना असते. ती कायमची सोडा. पाठीवर पाय देऊन तुडवून घेऊ नका.

दुखणे वाढले असेल तर?

त्या दिवसांत व्यायाम कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. हलके ताण आणि श्वसन चालू ठेवा. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा.

औषधे बंद करता येतील का?

बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका. सूज आटोक्यात असेल तरच व्यायाम नीट जमतो. वेदनाशामक गोळ्याही दुकानातून परस्पर घेत राहू नका. पोट आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. धूम्रपान सोडा, त्याने हा आजार बळावतो.

डॉक्टरांकडे त्वरित कधी जावे?

- पडल्यानंतर किंवा अचानक मानेत वा पाठीत नवे, तीव्र दुखणे. अशा वेळी रुग्णाची मान सरळ करायला जाऊ नका; आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालयात न्या.
- पायांत अशक्तपणा, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणे.
- डोळा लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे.

घरच्यांसाठी

महिन्यातून एकदा रुग्णाला टाचा आणि पाठ भिंतीला लावून सरळ उभे करा. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते पाहा. टेकत नसेल तर अंतर मोजून लिहून ठेवा. ते वाढत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. सकाळी उठायला उशीर झाला म्हणून आळशी म्हणू नका. संध्याकाळी सोबत चालायला जा.