युनिटमागे चार आणे

कार्बन कर शिकवताना मी पूर्वी केंब्रिजच्या ए. सी. पिगू यांच्यापासून सुरुवात करीत असे. रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी आजूबाजूची झाडी जळते, पण ते नुकसान कंपनीच्या खर्चात धरले जात नाही, हा त्यांच्या १९२० सालच्या ग्रंथातला दाखला. जो नुकसान करतो, त्याच्यावर कर बसवा, हा त्यांचा विचार. १९९० साली फिनलंडने तो इंधनातल्या कार्बनला लावला, पुढच्याच वर्षी स्वीडनने. मुले निमूटपणे लिहून घेत.

२०१८ साली चंद्रपूरकडच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, आपल्याकडे नाही का असा कर?"

आहे की, म्हटले, नाव तेवढे निराळे! १ जुलै २०१० पासून टनभर कोळशावर ५० रुपये उपकर लागला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये थेट ४००. मी फळ्यावर हिशेब मांडला. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. एक युनिट विजेला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे युनिटमागे २६ पैसे, जुन्या भाषेत चार आणे. वर्गात चुळबुळ सुरू झाली. घरचे वीजबिल सगळ्यांच्याच ओळखीचे. पिगूंना एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

"मग हे पैसे गेले कुठे?"

उत्तर देणे अवघड गेले. पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी म्हणून गोळा केलेला. प्रत्यक्षात निधीकडे पोचला तो सुमारे एक तृतीयांश. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा हेच ४०० रुपये राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळवले गेले. त्या मुलाचे वडील कोळसा खाणीत. त्याने शांतपणे विचारले, "खाण बंद पडली तर त्या निधीतून आम्हाला काही मिळणार होतं का?" निधी होता स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठी आणि प्रकल्पांसाठी. खाणकामगार त्यात कुठे नव्हताच. मी तसे सांगितले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पूर्वी कर वजनावर होता, आता किमतीवर. हलका, राखेने भरलेला कोळसा स्वस्त, म्हणून त्याच्यावरचा करही कमी. कार्बन मात्र ना तेव्हा कोणी मोजला, ना आता.

हल्ली पहिल्या तासाला मी मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगते. पिगू दुसऱ्या आठवड्यात येतात.