कौटुंबिक विषप्रयोग : आरोप आणि पुरावा

नवरा, सासू-सासरे, सावत्र मूल किंवा अन्य नातलगाला घरातल्याच स्त्रीने अन्नपाण्यातून विष देण्याचा गुन्हा. चूल बाईच्या हाती असल्याने घरात कुणी अचानक दगावले की पहिला संशय तिच्यावरच जातो. त्यामुळे इथे आरोप आणि पुरावा यांची गल्लत होऊ देता कामा नये.

महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला आरोप महाराणी सोयराबाईंवरचा. छत्रपती शिवाजी महाराजांचे 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर निधन झाले. राजारामांना गादी मिळावी म्हणून सोयराबाईंनी विष घातले, अशी वदंता पुढे पसरली. सभासद बखर मात्र ज्वर हे कारण सांगते, तर मुंबईकर इंग्रजांच्या पत्रात रक्तातिसाराची नोंद आहे. खुद्द संभाजी महाराजांनी त्याच वर्षीच्या संस्कृत दानपत्रात आपल्या सावत्र आईला निर्मळ मनाची म्हटले आहे. 1681 मध्ये संभाजी महाराजांवर विषप्रयोगाचा कट झाला. अण्णाजी दत्तो आदींना देहदंड मिळाला आणि त्याच वर्षी सोयराबाईंचाही मृत्यू झाला. शिवाजी महाराजांवरील विषप्रयोगाला भक्कम आधार आजवर मिळालेला नाही.

जुन्या काळचे हुकमी विष म्हणजे सोमल. त्याला चव जवळजवळ नसते आणि त्याने होणारे उलट्या-जुलाब पटकीसारखे दिसतात. जेम्स मार्श यांनी 1836 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीमुळे सोमलाचा अंशही पकडता येऊ लागला. तरीही हंगेरीतील नॉजरेव्ह गावात माशा मारण्याचे कागद भिजवून काढलेला सोमल बायका अनेक वर्षे नवऱ्यांना व नातलगांना देत होत्या. ते प्रकरण 1929 मध्ये न्यायालयात आले.

पुढे सोमलाची जागा कीटकनाशकांनी घेतली. शेतीवर चालणाऱ्या गावांत फवारणीचे औषध सहज हाताशी असते. जून 2018 मध्ये रायगड जिल्ह्यातील महड (ता. खालापूर) येथे वास्तुशांतीच्या जेवणातून विषबाधा होऊन मुलांसह 5 जण दगावले. वरणात कीटकनाशक कालवल्याच्या आरोपावरून नात्यातल्याच एका विवाहितेला अटक झाली. रंगावरून आणि स्वयंपाकावरून मिळणारे टोमणे, हे पोलिसांनी सांगितलेले कारण. 2023 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील महागाव (ता. अहेरी) येथे एकाच कुटुंबातील 5 जणांचा महिनाभरात मृत्यू झाला. त्यांना रुग्णालयात नेणारा गाडीचालकही आजारी पडला. थॅलियम दिल्याच्या आरोपावरून सून आणि नात्यातील आणखी एक स्त्री पकडली गेली.

असा खटला कसा तोलायचा, हे पुण्यातील एका विवाहितेच्या सायनाइडने झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये स्पष्ट केले. तिथे आरोपी पती होता आणि तो निर्दोष सुटला. स्पष्ट हेतू, त्याच विषाने झालेला मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणे आणि ते देण्याची संधी, या चार बाबी सरकार पक्षाने सिद्ध कराव्या लागतात. आरोपी स्त्री असो वा पुरुष, कसोटी हीच.