बोर्डिंगातली पोरं

बोर्डिंगचा इतिहास म्हटला की आपण तारखा घोकतो. १९०८, कोल्हापूर, शाहू महाराजांच्या काळातलं मिस क्लार्क बोर्डिंग. १९२४ ला बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा, अन् ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात सभेचं वसतिगृह. १९२८ ला डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी. तारखा पाहिजेतच. गावात वर्गाबाहेर बसवलेल्या पोराला त्या छपराखाली भाकर, कंदील अन् पाठ टेकायला जागा मिळाली, ही काय साधी गोष्ट न्हाई.

पण मित्रांनो, त्या पोरांचं पुढं काय झालं? ते कोण लिहिणार? आमच्या बोर्डिंगात एका पंगतीला जेवलेले आम्ही काहीजण परवा भेटलो. एक तलाठी झालाय. एकाची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. बँकेतला साहेब पोरीच्या इंग्रजी शाळेचं लई बोलला, मग हळूच म्हणाला, भाड्याची खोली घेताना आडनाव लपवलं. मी गिरणीत, साच्यावर. नववीतून गळालेला एकजण ऊसतोडीला, बायकापोरांसकट कोपीत. तो आला नव्हता. संस्थेच्या अहवालात यशस्वी विद्यार्थ्यांची यादी छापतात. तिच्यातही तो नाही.

तुमच्या तालुक्यातल्या बोर्डिंगचं जुनं हजेरीबुक मागून घ्या. ज्यांच्या नावावर लाल रेघ मारलीय, ती पोरं आधी शोधा.